लंबूचा गुडघा

हिवाळ्यात उजाडायच्या सुमारास भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्यात आमच्या गल्लीतून कुणी गेलं, तर त्याला एका घराच्या स्लॅबवर मफलर गुंडाळून, प्लास्टिकच्या खुर्चीत मांडी घालून बसलेला माणूस दिसतो. हा माणूस प्राणायाम करतो असा शेजाऱ्यांचा समज आहे. मी तो मोडलेला नाही. गणिताचा रिटायर मास्तर पहाटे श्वास रोखून बसतो, हे ऐकायला बरं वाटतं. श्वास रोखलेला असतो हेही खरंच. फक्त अमेरिकेतला कुणी सात फुटी गडी चेंडू जाळीत टाकतो की नाही, यासाठी तो रोखलेला असतो.

आपल्याकडे उजाडतं तेव्हा तिकडे संध्याकाळच्या मॅचेस रंगात आलेल्या असतात. त्यातले काही खेळाडू माझे आहेत. म्हणजे माझे कसले, त्यांना मी या जगात आहे हेही ठाऊक नाही. याला फँटसी बास्केटबॉल म्हणतात. आपण स्वतः खेळायचं काहीच नाही. मोसम सुरू होण्याआधी लीगमधल्या प्रत्येकानं तिकडच्या खऱ्या खेळाडूंतून आपापली टीम निवडायची. ते तिकडे घाम गाळतात आणि त्यांचे गुण इकडे मोबाइलमध्ये आपल्या नावावर पडतात. दर आठवड्याला कुणा एकाशी आपली गाठ. कोणाला खेळवायचं, कोणाला बाकावर बसवायचं, कोणाला काढून टाकायचं, कोणाशी अदलाबदल, म्हणजे ट्रेड, करायची, हे आपण मालकाच्या ऐटीत ठरवायचं. पैशाचा यात काडीचा संबंध नाही. हे आधीच सांगतो, कारण आमच्याकडे मोबाइलात डोकं घालून बसलेला माणूस दिसला की सट्टा लावतो असंच लोक धरून चालतात. सट्टा असता तर निदान व्यसन म्हणून सांगता आलं असतं.

मला बास्केटबॉलचं प्रेम कधीच नव्हतं. उलट त्या खेळावर माझा दात होता.

माझी मुलगी बँकेत लागली होती. भंडाऱ्यातच, कायमची नोकरी. आमच्या घरात कायमच्या नोकरीला काय मोल आहे हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरात मिरवण्यासारखं एवढंच होतं की आपण आता कुणापुढे वाकणार नाही. वडिलांनी लोकांच्या बांध्यांत धान रोवून आणि बाजारात बैलांची खरेदी-विक्री करून मला बीएडपर्यंत शिकवलं. मी मास्तर झालो, आणि माझी मुलगी बँकेत खुर्चीवर बसली. पहिल्या दिवशी मी काही कारण काढून त्या बँकेत गेलो होतो, तिला काउंटरच्या पलीकडे बसलेलं बघायला.

ती नोकरी तिनं सोडली आणि पुण्याला एका शाळेत पोरींना बास्केटबॉल शिकवायला गेली. राजीनामा देऊन झाल्यावर मला सांगितलं. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. एक वाक्य मात्र लिहितो, कारण ते तिनं जाताना मला परत ऐकवलं होतं. "चेंडू आपटासाठी शिकवलो का मी तुले?"

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. आदळआपट करून बंद झालं असतं तर मिटवता आलं असतं. हे अगदी सभ्यपणे बंद झालं. ती आईला फोन करायची आणि आई फोन स्पीकरवर टाकायची. "बाबा कसे आहेत?" असं ती माझ्या देखत आईला विचारायची आणि "बरे हायेत" असं आई माझ्या देखत तिला सांगायची. मी पेपर वाचायचं सोंग करायचो. मी तो फोन हातात घेतला नाही आणि आपणहून कधी लावलाही नाही. आधी बापानं फोन करावा की मुलीनं, या खटल्यात मी मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी वकिली केली आणि दर वेळी मीच जिंकलो.

मी रिटायर झालो तेव्हा बायकोचे हाल सुरू झाले. एकदा तिनं फोनवर माझ्यासमोरच मुलीला सांगितलं, "तुह्या बाबाले कुठंतरी गुंतव व माय. घरी बसले तवापासून माह्या डोकश्यावर बसले हायेत. काल मले वांगे कसे चिराचे थे शिकवून राहिले होते."

पलीकडून हसू ऐकू आलं. बऱ्याच दिवसांनी ऐकलं होतं. मग पावसाळा सरल्यावर एक लिंक आली, बायकोच्या मोबाइलवर. पुण्यातल्या तिच्या ओळखीच्या खेळाडूंची आणि कोच लोकांची एक लीग होती, तीही त्यात होती, आणि एक जण कमी पडत होता. खाली लिहिलं होतं, 'बाबांना जमेल का विचार.'

जमेल का! जन्मभर पोरांकडून बीजगणित घोटून घेतलेल्या माणसाला जमेल का! मी त्याच दिवशी नाव नोंदवलं. खरं कारण हे नव्हतं, पण स्वतःला सांगायला हे बरं होतं.

काही दिवसांनी माझ्या मोबाइलवर तिचा पहिला मेसेज आला. 'बाबा, तुमच्या टीममधल्या त्या डावखुऱ्या खेळाडूला आज बाकावर बसवा. त्याची मॅच नाही.' तेवढाच. मी तो स्वयंपाकघरात उभ्यानं वाचला, अंगणात जाऊन वाचला, आणि चष्मा पुसून परत वाचला. उत्तर पाठवलं, 'ठीक.' पाठवल्यावर वाटलं, अरे मास्तरा, आणखी दोन शब्द लिहिले असते तर बोटं झिजली असती का तुझी?

मग रोज सकाळी मेसेज यायला लागले. कोण दुखापतीतून परत येतोय, कोणाच्या या आठवड्यात मॅचेस जास्त आहेत, कोण फुकटचा जागा अडवून बसलाय. मी विचारायचो, ती सांगायची. खेळाडूंची परदेशी नावं माझ्या तोंडात बसत नव्हती म्हणून मी त्यांना आपली नावं ठेवली, आणि तीही मेसेजमध्ये तीच वापरायला लागली, पुढे तिच्यामुळे लीगच्या ग्रुपवरही तीच रूढ झाली. माझ्या टीमचा खांब म्हणजे लंबू. उंच, शांत, दर मॅचला न चुकता गुण देणारा. तिच्याकडे एक चेंडू घेऊन सुसाट पळणारा होता, त्याला मी चपळ्या म्हणायचो. ती कशी राहते, काय खाते, घरभाड्याचं कसं करते, यातलं मी काही विचारलं नाही. तिनंही माझ्या बीपीचं काही विचारलं नाही. बायको एकदा वैतागून म्हणाली, "दोघं बी बाप-लेक थ्या लंबूचीच तब्येत इचारता. एकमेकाईची इचारा ना कधी."

मी तिच्यावर डाफरलो. खरं बोलणाऱ्यावर डाफरायची मला जुनी सवय आहे.

मॅच दाखवणारं ॲप मी गुपचूप घेतलं. स्लॅबवर रेंज चांगली येते म्हणून खुर्ची वर नेली. मुलीला मात्र सांगितलं की मी नुसते दुपारी गुण बघतो. ज्या खेळाला मी चेंडू आपटणं म्हटलं तो बघायला मी अंधारात उठतो, हे तिला कळू द्यायचं नव्हतं. एका सकाळी बसल्या बसल्या ध्यानात आलं की तिकडच्या कितीतरी परक्या माणसांचा कोणता घोटा दुखरा आहे हे मला तोंडपाठ आहे, आणि आपली पोरगी कॉलेजच्या टीममध्ये कोणत्या जागेवर खेळायची हे मला माहीत नाही. भंडाऱ्याला तिच्या मॅचेस झाल्या, पवनीला झाल्या, एकदा तर माझ्या शाळेच्या मागच्याच मैदानावर झाली. मी एकदाही गेलो नाही. तपासायचे पेपर असायचे. मला इतकी लाज वाटली की मी मॅच बंद केली. मग चपळ्या किती पॉइंटवर गेला ते बघायला पुन्हा लावली.

डिसेंबर लागला आणि माझी टीम घसरली. मोसमाचा मधला काळ हा असाच असतो म्हणतात. सुरुवातीचा उत्साह आटलेला, शेवट लांब, आणि रोज कोणी ना कोणी लंगडत बाहेर. डावखुरा खांदा धरून बसला. दुसऱ्या एकाला त्याच्या कोचनंच विश्रांती दिली. मला रात्रंदिवस त्याचंच पडलेलं. शेतावर कापलेल्या धानाचे पुंजणे रचून झाले होते, मळणीचा थ्रेशर यायचा होता, आणि थ्रेशरवाल्याचा फोन आला तेव्हा मी त्याला म्हणालो, "थांब जरा, तिसरा क्वार्टर चालू हाय." तो बिचारा हो जी म्हणाला. मॅचच्या पावभागाला क्वार्टर म्हणतात हे त्याला काय ठाऊक; त्याला वाटलं मी डॉक्टरकडे तपासणीला आहे.

माणूस किती लवकर मालक होतो हे मला त्या महिन्यात कळलं. एका खेळाडूनं बायकोचं बाळंतपण म्हणून रजा घेतली, तर मी त्याला काढून टाकला. दुसऱ्या कुणाच्या टीममधला चांगला खेळाडू पडला की माझ्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. गावात एका ओळखीच्या म्हाताऱ्याच्या मातीला गेलो होतो, सगळे मान खाली घालून उभे, आणि मी खिशातला मोबाइल हळूच अर्धा बाहेर काढून गुण पाहिले. शेजारच्यानं पाहिलं. त्याला वाटलं मी वेळ बघतोय. मी त्याला तसं वाटू दिलं.

आमच्या लीगचा नियम असा होता की फेब्रुवारी संपला की वरचे सहा जण पुढे जाणार आणि बाकीच्यांचा मोसम तिथंच संपणार. मी सहांच्या खाली गेलो होतो. ढाल मिळावी, बक्षीस मिळावं, असलं काही माझ्या मनात नव्हतं. मला एकच दिसत होतं. टीम बाहेर पडली की सकाळचा मेसेज बंद. ती काय म्हणून लिहील? लंबूला बसवा, चपळ्याला खेळवा, हे संपलं की आमच्याकडे बोलायला दुसरं काही नव्हतं, आणि दुसरं काही काढायची माझ्यात हिंमत नव्हती. पुन्हा तो स्पीकर आणि तो पेपर.

जानेवारीतल्या एका सकाळी लंबूची मॅच होती. धुकं इतकं की खालचा रस्ता दिसत नव्हता. लंबू मजेत खेळत होता. मग एक चेंडू बोर्डाला लागून उडाला, तो घ्यायला लंबू वर गेला, आणि खाली येताना त्याचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडला. गुडघा वळू नये त्या बाजूला वळला. तो ओरडला नाही. तळहात जमिनीवर आपटत राहिला. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून त्याला आत नेलं तेव्हा तो पाय त्यानं टेकवलाही नाही.

मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं का? वाटलं असावं. पण ते वाटायच्या आधी माझ्या डोक्यात दुसरंच आलं होतं. मुलीनं माझ्याकडे लंबू दोनदा मागितला होता. बदल्यात चपळ्या द्यायला तयार होती, वर आणखी एक चांगला खेळाडू. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं होतं. तिची टीम तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर होती. तिचा एक खेळाडू कमी झाला तर काय बिघडणार आहे, असं मी मनाशी म्हटलं. ही बातमी सगळीकडे जायला तासभर तरी लागणार होता. पुण्याची माणसं एवढ्या सकाळी उठत नाहीत. मी फोन लावला.

"जयभीम बाबा." आवाज जड होता. मला वाटलं झोपेतून उठली.

"जयभीम. झोपली होती का?"

त्याचं तिनं उत्तर दिलं नाही. घाईघाईनं म्हणाली, "काय झालं? आई बरी हाय ना?"

"बरी हाय. मी म्हटलं, तुले लंबू पायजे होता ना?"

 फोन कटला की काय म्हणून मी कानापासून काढून बघितला.

"हो," ती म्हणाली.

"मंग घेऊन घे. तुहा चपळ्या दे अन् थो दुसरा दे. पण आत्ताच कर. मंग माहा इचार बदलून जाईल."



"पक्कं देता, बाबा?"

"पक्कं."

"बरं. पाठवा."

मी पाठवलं, तिनं होकार दाबला. लंबू तिचा झाला, चपळ्या माझा. मी फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "चहा झाला का तुमचा?" मी म्हटलं, "नाई, व्हायचा हाय," आणि ठेवला. मला भीती होती की आणखी बोललो तर तोंडून काहीतरी निसटेल.

आमच्याकडच्या बैलबाजारात एक रीत होती. कासरा हातात घेण्याआधी घेणारा विचारायचा, "खोड काय हाय जी?" मग विकणाऱ्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवून खोड सांगायची. बसका असेल तर बसका, मारका असेल तर मारका. पाठीवर हात ठेवून खोटं बोललेला माणूस पुढच्या बाजारात उभा राहू शकत नसे. पण विचारलंच नाही तर सांगायला बांधील नाही, असंही बाजारात चालायचं, आणि तयार लोक धुकं विरायच्या आत दुखऱ्या पायाचा बैल उभ्याउभ्या खपवून मोकळे व्हायचे. माझे वडील न विचारता सांगायचे. त्यामुळे त्यांचा बैल उन्हं डोक्यावर आली तरी खुंट्यालाच असायचा, आणि मी लहानपणी भुकेनं कावून त्यांच्यावर चिडायचो. नात्यात तर ते बैल विकतच नसत. आत्याला एक दिला होता, तो तसाच दिला.

मला हे सगळं जिना उतरताना आठवलं, आणि लगेच माझी वकिली सुरू झाली. तिनं खोड कुठं विचारली? पक्कं देता का, एवढंच विचारलं. मी पक्कं दिलं. हा बचाव शेवटच्या पायरीपर्यंत तयारही झाला होता. निरपराध माणूस बचाव तयार करत नाही, हे मी वर्गात कॉप्या पकडताना पोरांना नेहमी सांगायचो.

नऊच्या सुमारास बातमी सगळीकडे पसरली. लंबू उरलेल्या मोसमात खेळणार नव्हता. मी पुन्हा स्लॅबवर गेलो, कारण लीगच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडत होता. लीग चालवणारा मुलीच्याच शाळेतला एक कोच होता, चांगला पोरगा, मला आदरानं काका म्हणायचा. त्यानं लिहिलं, 'काका, राग मानू नका, पण ट्रेडची वेळ बघा. लंबू पडल्यानंतरची आहे. हे बरोबर नाही. रद्द करायचा का यावर सगळ्यांनी मत द्या.' खाली एकेकानं लिहायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, हे फसवणं झालं. कुणी म्हणालं, स्वतःच्या मुलीला? कुणी नुसतं हसणारं तोंड टाकलं.

मी वाचत होतो आणि माझे कान तापले होते. मग मुलीचा मेसेज आला.

'बाबांना माहीत नव्हतं. ते मॅच बघत नाहीत. आमच्या गावात रेंज नसते, दुपारी कधीतरी गुण दिसतात तेवढंच. लाइव्ह मॅच मोबाइलवर दिसते हेही त्यांना माहीत नाही. मीच कधीपासून लंबू मागत होते, म्हणून त्यांनी प्रेमानं दिला. ट्रेड राहू द्या.'

ग्रुप क्षणात निवळला. 'सॉरी काका.' 'अरे बापरे, सॉरी काका.' 'खेड्यात नेटचा प्रॉब्लेम असतोच.' कुणीतरी हात जोडलेले टाकले. आणि मी, भर रेंजमध्ये, चार दांड्या दिसत असलेला मोबाइल हातात धरून बसलो होतो.

तेव्हा निदान गप्प बसायचं. मी गप्पही बसलो नाही. मी लिहिलं, 'मला यातलं फारसं कळत नाही. चूक झाली असेल तर माफ करा.'

पुण्या-मुंबईचा कुणी आमच्या भागाला मागास म्हणाला की मी जन्मभर अंगावर धावून गेलो आहे. आमच्या पोरांना कळत नाही असं म्हणणाऱ्या एका साहेबाला मी भर बैठकीत सुनावलं होतं. माझ्या आजोबांनी मान वर केली ती कुणी आपल्याला अडाणी समजून दया दाखवावी म्हणून नाही. आणि मी माझं सगळं गाव, त्याची रेंज, त्याची अक्कल, एका चपळ्यासाठी त्या पोरांच्या पायावर घातली. माझा मेसेज वाचून सगळ्यांनी पुन्हा एकदा सॉरी म्हटलं. त्या दिवशी मी जेवलो नाही. पित्त झालंय असं बायकोला सांगितलं.

ट्रेड राहिला. चपळ्या माझ्याकडे येऊन असा खेळला की मी दोन आठवड्यांत वरच्या सहांत गेलो. मुलगी घसरत घसरत माझ्या खाली गेली. लंबू तिच्या टीममध्ये पाय पसरून बसला होता आणि ती त्याला काढतही नव्हती. मला वाटत होतं आता तरी ती रागावेल. सकाळी मेसेज यायचाच. 'बाबा, चपळ्याची आज मॅच आहे, खेळवायला विसरू नका.' 'बाबा, मस्त खेळला तो. अभिनंदन.' ज्यासाठी मी सगळं केलं ते मला मिळालं होतं, आणि मोबाइल वाजला की मला तो उलटा करून ठेवावासा वाटायचा.

तिला सांगून टाकायचं मी रोज ठरवायचो आणि रोज 'ठीक' लिहून पाठवायचो. शेवटी फेब्रुवारीत ती मावसबहिणीच्या लग्नासाठी घरी येते असं कळलं. मी ठरवलं, समोरासमोर सांगीन. गाडी तुमसरला सकाळी यायची. मी स्कूटर घेऊन गेलो. पोरगी बारीक झाली होती. केस कापले होते. "जयभीम बाबा," म्हणाली आणि बॅग पायांत ठेवायला माझ्याकडे देऊन मागे बसली. समोरासमोर सांगायचं ठरवलं होतं, पण ती मागे बसली तेव्हा मला हायसं वाटलं. चेहरा बघावा लागणार नव्हता.

तुमसर मागे पडलं. दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाचा रोवणा चालला होता, बाया गुडघाभर चिखलात वाकलेल्या. रस्त्याला कालवा, आमच्याकडचा नहर, लागला. मग म्हणालो, "थ्या दिवशी लंबू दिला ना तुले, तवा..."

"आयकू नाई येत!" ती मागून ओरडली.

मी आवाज चढवला. "लंबू पडला थे मले मालूम होतं! मी पायलो होतो! पाहूनच तुले फोन लावलो!"

ते मी इतक्या जोरात ओरडलो की बांधीतल्या दोन-तीन बाया कंबर सरळ करून आमच्याकडे बघायला लागल्या.  मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाजवळ येऊन म्हणाली, "थांबवा गाडी."

नहराच्या कडेला मी स्कूटर उभी केली. ती उतरून समोर आली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला पेललं असतं.

"तुमी मॅच पायता थे मले पयलेपासून मालूम हाय," ती म्हणाली. "आईनं सांगितलं होतं. स्लॅबवर खुर्ची नेली म्हणून."

"अन् लंबू?"

"मी बी पाहून राहिली होती ना बाबा. झोपेत नोयती मी. थो माह्यासमोरच पडला. तुमचा फोन आला तवा त्याले आतमंदी नेऊन राहिले होते."

 म्हणजे लंबू लंगडा झाला हे बघूनच तिनं तो घेतला होता. आणि ग्रुपवर जे लिहिलं, रेंज नाही, माहीत नाही, प्रेमानं दिला, ते एकेक अक्षर खोटं आहे हे ठाऊक असताना लिहिलं होतं, माझ्यासाठी. मी इतके दिवस समजत होतो की मी भोळ्या पोरीला फसवलं. ती माझी फसवणूक अंगावर घेऊन, वर चहा झाला का म्हणून विचारत होती. जमिनीत गाडून घ्यावं असं लोक म्हणतात, ते मला त्या नहराच्या काठी अक्षरशः वाटलं.

"मंग घेतला काहून व?" मी विचारलं.  "मालूम होतं तर कायले घेतला?"

ती नहराच्या पाण्याकडे बघत होती. "मी पुण्याले गेली तवापासून तुमी पयल्यांदा फोन केला," ती म्हणाली. "नाई म्हटली असती तर तुमी ठेवून देल्ला असता. मंग पुन्हा केला नसता कधी."

असं कसं होईल व बेटा, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण निदान आता तरी तिच्याशी खरं बोलायचं होतं, आणि खरं हे होतं की मी ठेवून दिला असता.